कराला पहारा, फीला मोकळं रान

धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण नाही असं वावर आमच्या भागात शोधून सापडायचं नाही. आमच्या चार एकरांचंही आहे. शेजारचे काकाजी दर साली वखराच्या एकेका पाळीने धुरा इकडे सरकवतात, असं आमचं म्हणणं. आमच्या बाबांनी तो आधीच तिकडे ढकलला होता, असं त्यांचं. तरी पोळ्याला आमची जोडी त्यांच्या दारात जाते आणि त्यांच्या घरची पुरणपोळी आमच्याकडे येते. २०२५ च्या जानेवारीत दोघांनी मिळून ठरवलं, आता मोजणीच आणू. सरकार दगड रोवेल तो धुरा.

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गेलो. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. विदर्भातला कुठलाही घाला, चालेल. खिडकीवरच्या बाबूने एकच विचारलं, "नियमित की द्रुतगती?" नियमित म्हणजे दोन हजार रुपये आणि नव्वद दिवस. द्रुतगती म्हणजे आठ हजार आणि तीस दिवस. काकाजी माझ्याकडे पाहून म्हणाले, "भाऊ, आठ हजार म्हणजे क्विंटलभर कापूस झाला ना बाप्पा!" हिशेब जवळपास बरोबर होता. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. क्विंटल विकूनही वरून ४७९ रुपये घालावे लागले असते. आम्ही नियमितचं चलन भरलं.

तारीख आली ती जुलैत. मोजणी करणारे भूकरमापक आले, सोबत रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने मोजणारं यंत्र. मजूर आमचे, चुना आमचा, खुणेचे दगडही आम्हीच बंडीत टाकून नेलेले. कपाशी घोट्याच्या वर आली होती. साहेबांनी धुऱ्यावर उभं राहून दोन फोटो काढले, 'पीक उभे असल्याने मोजणी होऊ शकली नाही' असं कागदावर लिहिलं, आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या आणि गाडीला किक मारली. पुढच्या आठवड्यात चौकशीला गेलो तर कळलं, प्रकरण निकाली निघालं. नव्याने अर्ज करा. नवा अर्ज म्हणजे नवं चलन. बाबूने आपुलकीनेच सल्ला दिला, "या वेळी द्रुतगती भरा."

जानेवारीत पैसे घ्यायचे, जुलैत यायचं आणि पीक उभं आहे म्हणायचं. पेरणी मृगात होते, हे जमिनीचं दप्तर सांभाळणाऱ्याला तरी ठाऊक असावं.

तरीही मी त्या बाबूवर किंवा भूकरमापकावर चिडलेलो नाही. एकेकाच्या डोक्यावर किती गावं असतात ते दिसतं. माझा प्रश्न वेगळा आहे. हे दोन हजार आले कुठून? दोन हजारच का, दीड का नाही, तीन का नाही? आणि घाई असली की चौपट का? माणूस तोच, यंत्र तेच, वावर तेच. आठ हजार भरले म्हणून रोव्हर काही चौपट बॅटरी खात नाही.

हे दर लागू झाले २०२४ च्या अखेरीस. त्याआधी साधी, तातडी, अति तातडी असे प्रकार होते. ते मोडून हे दोन केले. तेव्हा विधानसभेची निवडणूक सुरू होती. २० नोव्हेंबरला मतदान झालं, आणि नवे आमदार शपथ घेत होते त्याच सुमारास खिडकीवर नवे दर लागले. म्हणजे विचारायचं म्हटलं तरी विचारणारं सभागृहच जागेवर नव्हतं. बरं, सभागृह जागेवर असतं तरी काय झालं असतं? काहीच नाही. कारण फी वाढवायला सभागृहाला विचारावं लागत नाही.

इथे खरी मेख आहे. कर लावायचा तर कायदा लागतो. राज्यघटनेचं २६५ वं कलम एका ओळीचं आहे: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. कराचं विधेयक म्हणजे धन विधेयक. ते विधानसभेतच मांडावं लागतं, राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही, त्यावर मतदान होतं. फीचं तसं नाही. १९९ व्या कलमात स्पष्टच म्हटलंय की परवान्याची किंवा दिलेल्या सेवेची फी आकारण्याची तरतूद आहे, एवढ्यावरून विधेयक धन विधेयक ठरत नाही. घटना लिहिणाऱ्यांच्या डोक्यात त्यामागे सरळ विचार असावा. कर म्हणजे सगळ्यांकडून सक्तीने घेतलेला पैसा, त्याला पहारा हवा. फी म्हणजे एखादं काम करून दिल्याचा मोबदला, तो खात्याने ठरवला तरी बिघडत नाही.

मोबदला म्हटला की काम आलं. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात हीच रेघ ओढली: कराच्या बदल्यात सरकार तुम्हाला काही विशिष्ट द्यायला बांधील नसतं, फीच्या बदल्यात असतं. पुढे १९७९ मध्ये पंजाबातल्या बाजार समित्यांचं प्रकरण न्यायालयात आलं. बाजार फी शेकडा दोन रुपयांवरून तीन रुपये केली होती. न्यायालयाने तीन रुपये अवैध ठरवले आणि सांगितलं की फीचा मोठा भाग, दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांशाच्या आसपास, ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याच सोयीवर खर्च झालेला दिसला पाहिजे.

आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना हा निकाल वाचताना जरा जवळचा वाटतो. बाजारात फी घेऊन बदल्यात सरळ माप, उघडा लिलाव आणि सावली द्यायची, ही कल्पना देशात रुजली ती इथेच. १८८६ मध्ये कारंज्याला पहिला नियंत्रित कापूस बाजार भरला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. फी घेतली तर काट्यावर नजर ठेव, असा तो साधा सौदा होता. आजही यार्डात पावसात भिजणारं सोयाबीन पाहिलं की शेतकरी विचारतो, सेस कशाचा घेता? कायद्याने बाजार फी खरेदीदाराने भरायची असते, पण ती भावातून कुणाच्या खिशातून निघते हे यार्डातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

१९८३ पासून न्यायालयाने दोर सैल सोडला. आंध्रातल्या बाजार फीच्या खटल्यात म्हटलं की फी आणि सेवा यांचा पै-पैचा मेळ बसायलाच पाहिजे असं नाही, साधारण संबंध असला तरी पुरे. न्यायालयाच्या बाजूने पाहिलं तर यात काही चूक नाही; न्यायाधीशांनी प्रत्येक खात्याच्या वह्या तपासत बसावं कशाला? पण त्यामुळे झालं काय, की फीचा मेळ पाहण्याचं काम न्यायालयाने सोडलं आणि सभागृहाने कधी उचललंच नाही.

परिणाम कसा होतो त्याचं उदाहरण प्रत्येक घरात आहे. बाप गेला, तिघा भावांनी वावर वाटून घ्यायचं ठरवलं. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावर मुद्रांक शुल्क होतं शंभर रुपये. मुद्रांक शुल्क हा कर, तो कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेला, सभागृहातून आलेला. पण त्याच कागदाची नोंदणी करायची तर नोंदणी फी मालमत्तेच्या किमतीच्या एक टक्का, कमाल तीस हजार रुपये. कर शंभर आणि फी हजारोंत! दुय्यम निबंधक दहा पानांच्या वाटणीपत्रावर असं कोणतं काम करतो ज्याचा मोबदला जमिनीच्या भावाप्रमाणे वाढतो? हलकी जमीन असो की काळी कसदार, शिक्का तेवढाच, अंगठा तेवढाच. किमतीच्या टक्क्याने घेतात ती फी नव्हे, फीचा सदरा घातलेला करच तो.

म्हणून लोकांनी काय केलं? वाटणी तोंडी केली. साध्या कागदावर लिहिली, पाच पंच बसवले, कागद ट्रंकेत ठेवला. वीस वर्षांनी एका भावाच्या मुलाने तो मानला नाही, आणि मग तहसील, प्रांत, दिवाणी कोर्ट. अखेर २७ मे २०२५ ला मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्रांची नोंदणी फी माफ केली. चांगलंच केलं, मी स्वतः गावात चार जणांना सांगितलं. पण लक्षात घ्या, ही माफीही मंत्रिमंडळाच्या एका बैठकीतूनच आली. ज्या दाराने दिली त्याच दाराने परत घेता येते. आज महसूलमंत्री आमच्या नागपूर जिल्ह्यातलेच आहेत, त्यांना वाटणीचं दुखणं कळलं. उद्याच्या मंत्र्याला कळेलच याची हमी कुणाची?

माफीचंही एक गंमतीचं प्रकरण आहे. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढताना जोडायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. आजचं नाही, १ जुलै २००४ पासून. तरी वीस वर्षं आमच्या तहसीलसमोरच्या झाडाखाली शंभराचा बॉन्ड घेतल्याशिवाय कुणी पोराचा अर्ज पुढे सरकवला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अध्यादेशाने शंभरच्या जागी किमान पाचशे झाले, तेव्हा ओरड झाली आणि मग सरकारलाच सांगावं लागलं की बाबांनो, तुम्हाला तर माफ आहे. मार्च २०२५ मध्ये पुन्हा एकदा सांगावं लागलं. या प्रकरणात मला सरकारची चूक दिसते, पण एक फरकही दिसतो. मुद्रांक शुल्क वाढवायला निदान अध्यादेश काढावा लागला, आणि अध्यादेश म्हटला की तो सभागृहापुढे ठेवावाच लागतो. अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. मोजणीची फी वाढवायला एवढंही करावं लागलं नाही.

सभागृहाकडे साधनं नाहीत असं कुणी म्हणू नये. कायद्याखाली केलेले नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर तीस दिवस ठेवायचे, अशी ओळ बहुतेक कायद्यांच्या शेवटी असते. ते तपासायला विधिमंडळाची उपविधान समिती आहे. लोकलेखा समिती आहे, अंदाज समिती आहे. पण दर जर शासन निर्णयाने किंवा परिपत्रकाने बदलला, तर तो पटलावर येण्याचं कारणच उरत नाही. आणि पटलावर आलेलं तरी कोण वाचतं? 'मी पटलावर ठेवतो' असं मंत्री म्हणतात तेव्हा सभागृहात निम्मे सदस्य चहाला गेलेले असतात. अर्थसंकल्पात या साऱ्या रकमा 'करेतर महसूल' या मथळ्याखाली एकत्र होतात. तिथे आकडा दिसतो. त्या आकड्यात माझे दोन हजार कुठे, आणि त्यातून एखादा तरी नवा भूकरमापक नेमला का, ते दिसत नाही.

गावच्या ग्रामपंचायतीला असं करता येत नाही, ही यातली बोचरी गोष्ट. कर व फी नियम १९६० चे आहेत. ग्रामपंचायतीला नवी आकारणी करायची तर ठराव घ्यावा लागतो, गावात नोटीस लावावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. आमच्याकडे पाणीपट्टी वाढवायची होती तेव्हा ग्रामसभेत तीन तास भांडण चाललं. एका म्हाताऱ्या बाईने सरपंचाला उभ्या सभेत विचारलं, "मोटारीचं बिल किती आलं ते आधी सांग, मंग पट्टी सांग." सरपंचाला बिल आणून वाचावं लागलं. महावितरणलाही विजेचा दर स्वतःच्या मनाने लावता येत नाही. वीज नियामक आयोगापुढे खर्च मांडावा लागतो, आणि आयोग अमरावती-नागपूरला येऊन जाहीर सुनावणी घेतो. तिथे निकाल आपल्या मनासारखा लागतो असं नाही, पण कागद तरी उघडतात. मग मोजणीच्या, नोंदणीच्या, दाखल्याच्या, भरतीच्या फीला ही मोटारीच्या बिलाची अट का नको?

भरतीचा विषय निघालाच आहे. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या. फी खुल्या प्रवर्गाला हजार, राखीव प्रवर्गाला नऊशे. अर्ज आले दहा लाखांहून जास्त. सगळ्यांनी नऊशेच भरले असं धरलं तरी नव्वद कोटींच्या वर रक्कम जाते. आमच्या गावच्या अभ्यासिकेतल्या अकरा पोरांनी अर्ज केले होते. एकाच्या आईने बचत गटातून उचल घेतली, एकाच्या बापाने बोकड विकलं. त्याच वर्षी जिल्हा परिषदेचीही भरती होती, तिचीही फी हजार, आणि एका पोराने दोन-तीन पदांना अर्ज केला तर प्रत्येकाची वेगळी. विधिमंडळात त्यावर आवाज उठला, वर्तमानपत्रांत आला, आणि विषय पुढच्या भरतीपर्यंत झोपला. परीक्षा घेणाऱ्या कंपनीला दर उमेदवारामागे किती दिले आणि उरले ते कुठे गेले, हा प्रश्न आमदाराने ओरडून विचारावा लागतो, हेच चुकतंय. तो आकडा न मागता समोर यायला हवा. बेरोजगार पोरांकडून नोकरीच्या आशेवर पैसे उरवणं सरकारला शोभत नाही.

फीचा एक गुणधर्म असा की ती माणसाला एकेकटं गाठते. कर वाढला की सगळ्यांना एकदम चटका बसतो, नागपूरच्या यशवंत स्टेडियमवरून मोर्चा निघतो. फी मात्र खिडकीवर, ज्या दिवशी तुमचं काम अडलेलं असतं त्या दिवशी, तुमच्या एकट्याकडून घेतली जाते. मागे रांग उभी असते, शेवटची एसटी पाचला असते. अशा वेळी कुणी दराचा हिशेब विचारत नाही. मोजणी फीविरुद्ध मोर्चा कधी निघणार नाही, कारण मोजणीवाले सगळे एका दिवशी एका ठिकाणी जमतच नाहीत. म्हणूनच त्यांच्या वतीने विचारणारा कुणी तरी कायमचा नेमलेला हवा, आणि ते काम आमदाराशिवाय दुसऱ्या कुणाचं आहे?

दुसरी बाजू मला माहीत आहे, आणि ती हलकी नाही. माझा एक मित्र महसूल खात्यातून निवृत्त झालाय. तो म्हणतो, "तुझ्या आमदारांच्या हातात फी दिलीस तर ते सगळंच फुकट करतील. मग रोव्हर कुठून आणायचे? पगार कुठून द्यायचे?" बरोबर आहे. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो, तो मला स्वस्त वाटतो; त्यासाठी मी पंचवीसही देईन, कारण त्याने तालुक्याची एक खेप वाचते, आणि एका खेपेला मजुरी बुडून शे-दोनशे सहज जातात. फुकट सेवेची अवस्था काय होते तेही गावाने पाहिलंय. म्हणून मी फी कमी करा असं म्हणतच नाही. खर्च दाखवा, मग वाढवायची तर वाढवा, एवढंच म्हणतो. आमदारांना दर ठरवू देऊ नका हवं तर. दर खात्याने सुचवावा, पण लागू होण्याआधी तो खर्चाच्या तक्त्यासह समितीपुढे यावा, आणि वर्ष संपल्यावर किती गोळा झाले, किती अर्ज वेळेत निघाले, किती राहिले, हे पटलावर यावं.

मित्राचा दुसरा मुद्दा होता की लोकांना सरकारी फीचं दुखत नाही, वरच्या पैशांचं दुखतं. यावर मी बराच विचार केला. मला वाटतं या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. दाखल्याच्या पावतीवर मला एकदा तेहतीस रुपये साठ पैसे दिसले: वीस सेवा शुल्क, त्यावर तीन साठ वस्तू व सेवा कर, दहा शासनाचे. केंद्रावर मात्र मोजले शंभर. चहावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "शंभरच असते." गावात कुणालाही खरा दर माहीत नव्हता. जिथे अधिकृत रक्कम कुठून आली हे कळत नाही, तिथे अधिकृत कुठे संपते आणि वरची कुठे सुरू होते हेही कळत नाही. आणि द्रुतगतीचा दर तर वरच्या पैशांना आपोआप भाव ठरवून देतो. आठ हजारांचं काम तीन हजारांत 'बघून घेतो' म्हणणारा माणूस मग उपकारकर्ताच वाटतो.

द्रुतगतीवर अजून थोडं थांबतो, कारण मला यातलं सगळ्यात खटकणारं तेच आहे. सरकारने इथे रांग विकायला काढली आहे. भूकरमापक तेवढेच असतील तर आठ हजारवाल्याचा नंबर पुढे सरकतो तो दोन हजारवाल्याला मागे ढकलूनच. आणि नियमित मोजणी जितकी रेंगाळेल तितके लोक द्रुतगतीकडे वळतील, तितकी वसुली वाढेल. कुणी मुद्दाम रेंगाळवतं असा आरोप मी करत नाही. पण ज्या व्यवस्थेत उशीर केल्याने उत्पन्न वाढतं, त्या व्यवस्थेवर बाहेरची नजर नको का? भूकरमापकाच्या महिन्यातले किती दिवस द्रुतगतीला जातात आणि नियमितला किती उरतात, हा आकडा कोणत्याही आमदाराने मागितला तर खात्याला द्यावाच लागेल.

उशिराची किंमत कुणी मोजायची, याचं उत्तर इतर ठिकाणी शोधलं गेलंय. कॅनडाच्या संसदेने २०१७ मध्ये सेवा शुल्काचा कायदा केला. त्यात फी घेणाऱ्या खात्याला सेवेची मुदत जाहीर करावी लागते, मुदत चुकली तर फीचा काही भाग परत करावा लागतो, आणि दर वर्षी संसदेला अहवाल द्यावा लागतो. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने खात्यांच्या वित्त अधिकाऱ्यांवर दर दोन वर्षांनी फीचा फेरआढावा घेण्याचं बंधन टाकलं. पण एवढं लांब जायची गरजच नाही. आपल्याच माहिती अधिकार कायद्यात, सातव्या कलमात, लिहिलंय की मुदतीत माहिती दिली नाही तर ती फुकट द्यावी लागेल. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशात २०१० च्या लोकसेवा कायद्यात दिरंगाई करणाऱ्याच्या दंडातून अर्जदाराला भरपाई देता येते. आपल्याकडेही २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अपील आहे, आयोग आहे, पाचशे ते पाच हजारांचा दंड आहे. फक्त ज्याचं चलन वाया गेलं त्या माणसाच्या हातात त्याचे पैसे परत येतील अशी सोय नाही. मुदतीत मोजणी झाली नाही तर दोन हजार परत, एवढी एक ओळ त्यात घातली तरी तारखा जुलैत पडणार नाहीत, असं मला वाटतं.

विदर्भ महाराष्ट्रात येताना झालेल्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन आमच्याकडे होतं. २०२४ चं १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवसांत आटोपलं. तेवढ्या वेळात फीची चर्चा होईल असं मी कधी मानत नाही. पण तारांकित प्रश्नाला, म्हणजे मंत्र्याकडे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नाला, चर्चेचा वेळ लागत नाही; वेळ पुरला नाही तर लेखी उत्तरही चालतं. काकाजी आणि मी आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो. स्वीय सहायक म्हणाले, "निवेदन द्या." मी म्हटलं, निवेदन नाही, प्रश्नच लिहून आणलाय, सभागृहाच्या भाषेत, साहेबांनी फक्त सही करावी. त्यांनी कागद वाचला, हसले आणि फाइलला लावला. कागदावर असं होतं:

सन्माननीय महसूल मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :- (१) दोन हेक्टरपर्यंतच्या शेतजमिनीच्या नियमित मोजणीसाठी दोन हजार व द्रुतगती मोजणीसाठी आठ हजार रुपये फी आकारण्यात येते, हे खरे आहे काय. (२) असल्यास, एका मोजणीस शासनास प्रत्यक्ष येणारा खर्च किती आहे व वरील दर कोणत्या हिशेबाने निश्चित करण्यात आले. (३) विदर्भातील अकरा जिल्ह्यांत नियमित मोजणीचे किती अर्ज नव्वद दिवसांच्या आत निकाली निघाले व किती अर्ज मोजणी न होताच बंद करण्यात आले. (४) असे अर्ज बंद करताना भरलेली फी अर्जदारांस परत करण्यात आली आहे काय. (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?